चीज-कोथिंबीर स्कोन: बटर चोळायचं की क्रीम ओतायचं?

चीज घातलेले खारे स्कोन (चहासोबत खायची, बेकिंग पावडरवर फुगणारी जाड, मऊ बिस्किटं) घरी करायचे ठरवलं की पहिला प्रश्न स्निग्धांशाचा येतो. मैद्यात गार बटर चोळून दुधात भिजवायचं, की बटर-दूध दोन्ही सोडून थेट फ्रेश क्रीम ओतायचं? ओव्हन आणि बेकिंग पावडर दोन्हीकडे तीच. फरक आहे तो हाताला आणि पोताला.

हिशेबात दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्याच निघतात. २५० ग्रॅम मैद्याला ६० ग्रॅम बटर आणि साधारण १३० मिली दूध लागतं. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश धरला तर ४८ ग्रॅम झाला, आणि दूध म्हशीचं असेल तर ७-८ ग्रॅम वरचे. आपल्याकडे पाकिटात मिळणारं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं असतं. ते २०० मिली घेतलं की ५० ग्रॅम स्निग्धांश येतो आणि मैदा भिजवायला लागेल एवढं पाणीही त्यातच असतं. त्यामुळे क्रीमचे स्कोन ‘हलके’ किंवा ‘कमी तुपट’ होतील या समजुतीने निवड करू नये.

बाकीचं प्रमाण दोन्हींना एकच: बेकिंग पावडर ३ चहाचे चमचे, किसलेलं चीज १०० ग्रॅम (त्यातलं २० वर भुरभुरायला राखून), बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा कांद्याची पात मूठभर, मोहरीची पूड अर्धा चमचा. मोहरी वगळू नका. तिचा स्वतःचा स्वाद कळत नाही, पण चीजचा उठून येतो. शेपू आवडत असेल तर दोन मोठे चमचे पुरे, त्याहून जास्त घातला तर चीज हरवतं. कांदा-लसूण चटणी एक चमचा पिठात छान लागते, मात्र वरून लावू नये, ती करपून कडू होते. मीठ बघून घाला. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको, क्रीमच्या स्कोनना पाव चमचा लागतं. प्रोसेस्ड चीज मुळातच खारट असतं हेही धरा.

बटरच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्याचा मान मोठा आहे. बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात घट्ट राहिले की ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पोकळी उरते. मधोमध तोडल्यावर स्कोन पापुद्र्यांनी सुटतो तो त्यामुळेच. कडा खुसखुशीत होतात, रंग खोल येतो. मैद्याच्या कणांवर बटर बसल्यामुळे थोडं जास्त मळलं गेलं तरी स्कोन एकदम चिवट होत नाही. खारीचे पदर मोजत चहा पिणाऱ्या माणसाला हाच स्कोन आवडेल, यात शंका नाही.

पण ही सगळी किमया तुकडे घट्ट राहण्यावर उभी आहे, आणि कोल्हापुरात मार्च ते मे घोडं अडतं ते इथेच. मे महिन्यात पारा ३५च्या पुढे गेलेला असतो, आणि बटर तेवढ्यालाच वितळायला लागतं. त्यात ओव्हन २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं आधी तापवावाच लागतो, आणि तो बहुतेक घरांत त्याच ओट्यावर असतो. म्हणजे ज्या हवेत बटर गार ठेवायचं, तीच हवा आपण तापवत असतो. बोटांची ऊब निराळीच. रव्यासारखं दिसणारं मिश्रण दोन मिनिटांत ओल्या वाळूसारखं झालं की समजावं, बटर पिठात जिरलं. असे स्कोन वर फुगण्याऐवजी आडवे पसरतात, ट्रेवर तुपाचं तळं साचतं आणि बूड भाजण्याऐवजी तळलं जातं.

यावर उपाय आहेत. बटर तासभर फ्रीझरमध्ये ठेवून जाड किसणीवर किसावं, मैदा आणि परात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, हाताऐवजी काट्याने मिसळावं, कापलेले स्कोन भाजण्याआधी पुन्हा पंधरा मिनिटं गार करावेत. सगळं नीट केलं तर मे महिन्यातही जमतं. पण चार माणसांच्या चहासाठी फ्रीजचा अख्खा खण रिकामा करायचा, तुपट किसणी घासायची आणि एवढं करूनही घाण्यागणिक निकाल बदलायचा, ही कटकट माझ्या लेखी निर्णायक ठरते.

क्रीमला यातलं काही लागत नाही. त्यातला स्निग्धांश आधीच बारीक थेंबांत विखुरलेला असतो, चोळायला काही उरतच नाही. पाकीट गार करून चांगलं हलवा, कोरड्या मिश्रणात आधी १८० मिली ओता, सुरीच्या पात्याने कापल्यासारखं एकत्र करा, उरलेलं लागेल तसं घाला. पावसाळ्यात मैदा दमट असतो, तेव्हा १०-१५ मिली कमीच पुरतं. गोळा थोडा चिकट, ओबडधोबड दिसला पाहिजे. इथे हात आवरणं महत्त्वाचं. मैद्याच्या कणांवर बटरचं कवच नसल्यामुळे कणकेसारखं मळलं तर पाव होतो, स्कोन नाही. आठ-दहा घड्या, बस्स.

क्रीम घेताना दोन चुका होतात. एक, केकवर फेटून लावायचं गोड व्हिपिंग क्रीम घेणं, ते इथे अजिबात चालत नाही. दुसरी, घरची साय तशीच ओतणं. साय कधी दाट, कधी पातळ असते आणि घोटली तर लोणी सुटून गुठळ्या होतात. वापरायचीच तर ताजी घ्या, थंड दुधात हलक्या हाताने सारखी करा. आंबट झाली असेल तर पाव चमचा खाण्याचा सोडा वाढवा.

कोथिंबीर कोणत्याही पद्धतीत कोरडीच हवी. कपिलतीर्थ मंडईतून आणलेली जुडी धुऊन पंचावर तासभर पसरा. ओली घातली तर पीठ सैल होतं आणि पाणी वाढवलंय कुणी हे कळत नाही.

गोळा अडीच सेंटिमीटर जाड थापा. त्याहून पातळ थापला तर कोणतीच बेकिंग पावडर त्याला उंची देणार नाही. पेल्याने गोल कापण्यापेक्षा धारदार सुरीने चौकोन बरे. पेल्याची कड बोथट असते, ती फिरवली की कडा मिटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. शिवाय उरलेला लगदा पुन्हा थापावा लागत नाही. वरून पाकिटातलं उरलेलं क्रीम लावा, कडेवर ओघळू देऊ नका. २२० अंश, दोन्ही रॉड चालू, १४ ते १६ मिनिटं. लहान ओव्हनमध्ये वरचं चीज आठव्या मिनिटालाच काळवंडायला लागलं तर जाळी एक खण खाली घ्या.

क्रीमचे स्कोन आतून मऊ, बारीक जाळीचे होतात. पापुद्रे नसतात, रंगही किंचित फिका. ज्याला पदरच हवेत त्याने डिसेंबर-जानेवारीत बटर जरूर चोळावं. तेव्हा ओट्यावरचं बटर आपण होऊन घट्ट राहतं आणि स्कोनही देखणा होतो. कापून कच्चे फ्रीझरमध्ये ठेवायचे असतील तरी बटरचेच घ्या, गोठलेले थेट भाजले तर उलट जास्त फुगतात, वेळ फक्त तीन-चार मिनिटं वाढवायचा. पण पहिल्यांदाच करणार असाल, किंवा पाहुणे दारात आणि बाहेर ऊन असेल, तर क्रीमचं पाकीट उघडा.