हार्डवेअर व्होकोडर घ्यावा की प्लगइनवर भागवावे?

घरच्या स्टुडिओत व्होकोडरचा आवाज, म्हणजे वाद्याच्या सुरातून माणसाचे शब्द उमटणारा यांत्रिक आवाज, हवा असे ठरले की रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडता येणाऱ्या प्लगइनवर भागवावे, की पदरचे पैसे घालून वेगळे यंत्र घ्यावे, हा प्रश्न लगेच पुढे येतो. आवाजाची प्रत हा त्यातला निर्णायक मुद्दा आहे असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते तो दुय्यम आहे. गाणाऱ्याला अंतिम आवाज गातानाच कानात हवा आहे की नंतर सावकाश घडवायचा आहे, आणि आपल्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या पेटीला, किती आउटपुट आहेत, या दोन गोष्टींवर बहुतेक वेळा निकाल लागतो.

मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. होमर डडली यांनी १९३० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ते विकसित केले, तेव्हा बोलणे टेलिफोनच्या तारेवरून कमी जागेत पाठवता यावे हा हेतू होता. गायकाचा आवाज, म्हणजे मॉड्युलेटर, फिल्टरांनी अनेक बँडमध्ये, म्हणजे खालच्या-वरच्या ध्वनींच्या पट्ट्यांमध्ये, विभागला जातो, प्रत्येक बँडमधला चढउतार मोजला जातो, आणि सिंथेसायझरचा स्वर, म्हणजे कॅरियर, तशाच बँडमध्ये विभागून त्या मापानुसार कमीजास्त केला जातो. त्यामुळे स्वर सिंथचा राहतो आणि उच्चार माणसाचे राहतात.

यंत्र वापरण्याची सर्वात सरळ रीत म्हणजे माइक थेट यंत्रात लावणे आणि यंत्राचे आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये घेणे. २००२ साली आलेल्या मूळ मायक्रोकॉर्ग या व्होकोडर असलेल्या सिंथेसायझरसोबत वाकवता येणारा छोटा माइक मिळतो. तो पॅनेलवर खोचला, व्होकोडरचा प्रोग्रॅम निवडला आणि कळा दाबून बोलले की काम सुरू होते. याला यूएसबी नाही, त्यामुळे नोट्सही नोंदवायच्या असतील तर पाच पिनांची मिडी केबल (तिच्यातून ध्वनी नव्हे, कोणती कळ कधी दाबली ही माहिती जाते) आणि मिडी जॅक असलेला इंटरफेस लागतो. रोलँडच्या १९७९ च्या व्हीपी-३३० वरून बेतलेल्या बेहरिंगर व्हीसी३४० ला यूएसबी आहे, पण त्यावरून फक्त मिडी जाते. ध्वनी जॅकमधूनच घ्यावा लागतो. याउलट रोलँडचे व्हीटी-४ ध्वनी आणि मिडी दोन्ही यूएसबीवरून देते आणि कंडेन्सर माइकला केबलमधून लागणारी वीज, म्हणजे फँटम पॉवरही, पुरवते. मायक्रोकॉर्गमध्ये फँटम पॉवर नाही, म्हणून स्टुडिओतला कंडेन्सर माइक त्याला थेट जोडून उपयोग होत नाही. डायनॅमिक माइक मात्र चालतो.

या रीतीचा खरा लाभ गाताना कळतो. गायक हेडफोनमध्ये प्रक्रिया झालेला आवाज ऐकत असल्याने तो आपसूक उच्चार बदलतो: व्यंजने ठासून म्हणतो, स्वर लांबवतो, आणि कॉर्ड बदलण्याच्या क्षणी शब्द नेमका टाकतो. साधे गाऊन नंतर प्लगइन लावलेल्या नोंदीत ही समज क्वचित उतरते, कारण तिथे गायक आपल्या नैसर्गिक आवाजासाठी गायलेला असतो. तोटाही इथेच आहे. मूळ कोरडा, म्हणजे प्रक्रिया न झालेला, आवाज कुठेच नोंदला जात नाही, आणि एक कॉर्ड चुकली तर पूर्ण ओळ पुन्हा गाण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरी रीत म्हणजे आवाज आधी सॉफ्टवेअरमध्ये कोरडा रेकॉर्ड करून नंतर तो यंत्रातून फिरवून आणणे. कागदावर ही रीत आदर्श दिसते, कारण कोरडा आवाज हाताशी राहतो आणि यंत्राची चवही मिळते. पण इथे इंटरफेसची परीक्षा होते. फोकसराइट स्कार्लेट २आय२ सारख्या दोन आउटपुटांच्या इंटरफेसवर ते दोन्ही आउटपुट स्पीकरनेच अडवलेले असतात, तर ४आय४ सारख्यावर तिसरे आणि चौथे आउटपुट यंत्राकडे वळवता येतात. दोनच आउटपुट असतील तरी काम निभते: स्पीकरची केबल काढून डावे आउटपुट यंत्राला जोडावे, आवाजाचा ट्रॅक पूर्ण डावीकडे पॅन करावा, बाकी सगळे ट्रॅक म्यूट करावेत, आणि यंत्राचा आवाज नव्या ट्रॅकवर घ्यावा. त्या नव्या ट्रॅकचे मॉनिटरिंग आणि इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर बटण (आत येणारा आवाज संगणकाविना सरळ आउटपुटला देणारे) ही दोन्ही बंद असल्याची खात्री मात्र करावी. एक जरी चालू राहिले तर यंत्राचा आवाज पुन्हा यंत्रातच शिरतो आणि क्षणात शिट्टी सुरू होते.

यात पातळीची काळजीही घ्यावी लागते. इंटरफेसचे आउटपुट लाइन पातळीचे असते, म्हणून मायक्रोकॉर्गच्या मागचा माइक-लाइन स्विच लाइनवर हवा आणि आवाज कमीपासून हळूहळू वाढवायला हवा; तो माइकवर राहिला तर आवाज फाटतो आणि दोष विनाकारण यंत्राच्या माथी मारला जातो. लॅपटॉपचा चार्जर लावताच गुणगुण ऐकू येऊ लागली, तर ती बहुधा ग्राउंड लूपची, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमध्ये तयार झालेल्या वळशाची, असते. अशा वेळी सगळी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत, किंवा मायक्रोकॉर्ग सहा डबल-ए सेलवर चालवून पाहावा, कारण सेलवर चालणाऱ्या यंत्राला भिंतीतल्या अर्थिंगशी देणेघेणे उरत नाही.

लेटन्सीचा, म्हणजे आवाज कानात परत पोहोचायला होणाऱ्या उशिराचा, हिशेब दोन रीतींत वेगळा आहे. पहिल्या रीतीत गायकाला आवाज थेट यंत्रातून किंवा डायरेक्ट मॉनिटरिंगने ऐकवता येतो, त्यामुळे संगणकाचा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. प्लगइनमधून ऐकत गायचे ठरवले तर ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २५६ सॅम्पलचा बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा, एका दिशेने सुमारे ५.८ मिलिसेकंद घेतो. परतीचा प्रवास आणि कन्व्हर्टरचा वेळ त्यात मिळवला की फरक कानाला जाणवू लागतो. १२८ वर बफरचा वेळ निम्मा होतो, पण जुन्या लॅपटॉपवर आवाज तुटू लागतो. ध्वनी यंत्रातून फिरवून आणताना उशीर भरून काढण्याची सोय रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच असते: रीपरमध्ये रीइन्सर्ट, लॉजिकमध्ये आय/ओ आणि एबल्टन लाइव्हमध्ये एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्ट आहे. हे वापरायचे नसेल, तर ट्रॅकच्या आरंभी टाळीसारखा एक टोकदार आवाज ठेवून नोंद हाताने मागे सरकवली तरी चालते.

प्लगइनच्या बाजूने बोलायचे तर सोय निर्विवाद आहे. टीएएल-व्होकोडर विनामूल्य मिळतो आणि त्यात ११ बँड आहेत. एबल्टनच्या व्होकोडरमध्ये बँड ४ ते ४० पर्यंत ठेवता येतात. एफएल स्टुडिओचा व्होकोडेक्स १०० पर्यंत जातो. मायक्रोकॉर्गकडे आठच आहेत. एवढ्यावरून यंत्र मागे पडले असे समजू नये, कारण बँड वाढले की शब्द स्पष्ट होतात पण तो जुना, किंचित खरबरीत यांत्रिकपणा हरवतो, आणि पुष्कळांना नेमका तोच हवा असतो. नवशिक्याचा गोंधळ होतो तो जोडणीत. एबल्टनमध्ये व्होकोडर आवाजाच्या ट्रॅकवर बसतो आणि कॅरियर म्हणून सिंथचा ट्रॅक निवडावा लागतो, तर लॉजिकचा ईव्हीओसी २० पॉलिसिंथ हा स्वतःच वाद्याच्या ट्रॅकवर बसतो आणि आवाज त्याला साइडचेनमधून, म्हणजे दुसऱ्या ट्रॅकचा ध्वनी आत घेणाऱ्या वाटेने, द्यावा लागतो. एकाचा व्हिडिओ पाहून दुसऱ्यात तसेच करू गेल्यास स्पीकरमधून काहीच येत नाही.

मराठी गाण्यांचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे स, श, च, छ, ख, फ यांसारख्या फुत्काराच्या ध्वनींची रेलचेल आहे, आणि त्यांची ऊर्जा वरच्या बँडमध्ये असते. कॅरियर मऊ असेल, म्हणजे साइन किंवा फिल्टर बराच बंद केलेला सूर असेल, तर त्या बँडमध्ये उचलायला काही नसते आणि ‘सांज’ ऐवजी ‘आंज’ ऐकू येते. उपाय दोन्हीकडे आहे: सॉ वेव्ह, म्हणजे वरच्या स्वरांशांनी भरलेली लहर, घ्यावी, तिच्यात थोडा नॉइज मिसळावा, किंवा मूळ आवाजातला वरचा भाग थोडा तसाच सोडावा. मायक्रोकॉर्गमध्ये हे शेवटचे काम एचपीएफ (हाय-पास फिल्टर) लेव्हलने होते. प्लगइनमध्ये हा तोल गाणे मिक्स होईपर्यंत ओळीगणिक बदलता येतो; यंत्रात तो गातानाच ठरवून मोकळे व्हावे लागते.

कॅरियर सिंथचाच हवा असे नाही. हार्मोनियमच्या पत्त्यांचा सूर वरच्या स्वरांशांनी भरलेला असल्याने तो उत्तम कॅरियर ठरतो, आणि धरून ठेवलेल्या षड्ज-पंचमावर बोललेली ओळ फार वेगळी लागते. प्लगइनमध्ये रेकॉर्ड केलेला हार्मोनियम सरळ वापरता येतो. मायक्रोकॉर्गमध्ये तो दुसऱ्या ऑडिओ इनपुटमधून द्यावा लागतो, म्हणजे इंटरफेसचे आणखी एक आउटपुट खर्ची पडते. या बाबतीत माझे मत पूर्णपणे प्लगइनच्या बाजूने आहे.

तेव्हा ज्याच्याकडे दोन आउटपुटांचा इंटरफेस आहे आणि ज्याचे काम शब्दप्रधान गाण्यांचे आहे, त्याने आधी विनामूल्य प्लगइनवर दोन-तीन गाणी पुरी करावीत. यंत्राचे पैसे तेवढे दिवस चांगल्या माइककडे वळवलेले बरे. जो रंगमंचावर वाजवतो, किंवा गाताना कळांवर हात असल्याशिवाय ज्याला काही सुचत नाही, त्याने यंत्रच घ्यावे. अधेमधे असणाऱ्याने चार आउटपुटांचा इंटरफेस घेऊन माइक आधी इंटरफेसला लावावा, तिसऱ्या आउटपुटमधून तोच आवाज यंत्राकडे पाठवावा, आणि एकाच वेळी तीन नोंदी घ्याव्यात: कोरडा आवाज, यंत्राचा आवाज आणि मिडी. माइक संगणकातून फिरून जातो म्हणून बफर लहान ठेवावा लागेल, पण नंतर यंत्राची ओळ पसंत पडली नाही तर कोरडा आवाज आणि त्याच नोट्स प्लगइनला देऊन ती गायकाला पुन्हा न बोलावता नव्याने घडवता येते.