सी-प्लस-प्लसवरून रस्टवर: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आमच्या सर्व्हिसचा नेटवर्कवरून आलेला डेटा वाचणारा पार्सर आम्ही सी-प्लस-प्लसमधून रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिला. तो काही महिने प्रॉडक्शनवर चालतोय आणि मी या भाषेवर खूश आहे.

शिकायला ती अवघड आहे, हे खरंच. सुरुवातीला कंपायलर (कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणारं साधन) पुढे सरकूच देत नाही. व्हेक्टरमधल्या (वाढू शकणाऱ्या यादीतल्या) एका घटकाचा रेफरन्स, म्हणजे त्याच्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा, हातात असताना त्याच व्हेक्टरमध्ये पुश करायला, म्हणजे नवा घटक जोडायला, गेलात आणि तो रेफरन्स पुढे वापरलात, की ई0502 ही एरर येते. सी-प्लस-प्लसमध्ये असा कोड बिनबोभाट कंपाइल होतो. पुढे व्हेक्टर वाढताना त्याची मेमरी दुसरीकडे हलली, की रेफरन्स सोडून दिलेल्या जागेकडे बघत राहतो. असे बग टेस्टमध्ये निसटतात आणि लोड वाढला की डोकं वर काढतात. रस्टची एरर मात्र कोणत्या ओळीत काय अडलं ते नेमकं दाखवते, बरेचदा उपायही सुचवते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामाला) डेटा वापरू देणारं कुलूप. इथे डेटा म्युटेक्सच्या आतच राहतो. लॉक घेतल्याशिवाय त्याला हात लागत नाही. "हे फील्ड वापरण्याआधी लॉक घ्या" अशी कॉमेंट लिहून सगळे ती पाळतील या भरवशावर राहावं लागत नाही. कोड रिव्ह्यूमधला आमचा केवढा तरी वेळ यामुळे वाचला.

त्रासही आहे. बिल्डला वेळ लागतो, बिल्डच्या फायलींचा टार्गेट फोल्डर बघता बघता काही जीबी खातो. डेडलॉक, म्हणजे थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकून पडणं, रस्ट थांबवत नाही. आरसीचं (किती जण वापरतायत ते मोजणाऱ्या पॉइंटरचं) चक्र तयार झालं तर मेमरी लीक होते, म्हणजे कधी मोकळीच होत नाही. रिलीज बिल्डमध्ये इंटिजर ओव्हरफ्लो झाला, म्हणजे पूर्णांक त्याच्या मर्यादेबाहेर गेला, तर तो डीफॉल्टने गुपचूप दुसऱ्या टोकाला फिरून येतो. आणि घाईत जागोजागी अनरॅप (व्हॅल्यू असेलच असं गृहीत धरून ती काढणं) लिहिलं, तर प्रोग्रॅम ऐन वेळी पॅनिक होऊन बंद पडणारच.

"चांगल्या प्रोग्रॅमरला असल्या भाषेची गरज नाही" हे मला अजिबात पटत नाही. 2014 मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा सुरक्षा बग आठवा. ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या लायब्ररीने समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता एका वेळी 64 केबीपर्यंत मेमरी परत पाठवली. ते लिहिणारे आणि तपासणारे नवशिके नव्हते. मायक्रोसॉफ्टनेही 2019 मध्ये सांगितलं, की दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्यांच्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के मेमरीशी संबंधित असतात. एवढ्या मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या चुका "जरा लक्ष देऊन लिहा" म्हणून थांबत नाहीत.

फ्रेशर्स विचारतात, कोणती भाषा शिकू? माझं मत असं, की आधी थोडं सी करा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि मॅलॉक (स्वतः मेमरी मागणारं फंक्शन) हाताखालून जाऊ द्या. मग रस्टचे नियम जाचक वाटत नाहीत, त्यांचं कारण समजतं. ही मेमरी कोणाची, कधीपर्यंत जिवंत, दुसरा थ्रेड तिला हात लावू शकतो का, हे प्रश्न आता मला सी-प्लस-प्लस लिहितानाही आपसूक पडतात. इंटरव्ह्यूमध्येही सिंटॅक्सऐवजी हेच विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

साधी वेब ॲप्लिकेशन, फॉर्म, रिपोर्ट एवढंच काम असेल तर रस्टच्या मागे लागू नका. जावा, गो, पायथन उत्तम आहेत. आमचं रिपोर्टिंग जावामध्ये आहे आणि तिथेच राहील. कनेक्शन सांभाळणारा भाग मात्र आम्ही आता रस्टमध्ये घ्यायला सुरुवात केली आहे.