टोमॅटोसाठी कॅरेट घेताना: सरळ भिंतीचं, एकात एक बसणारं की घडीचं?

पिंपळगाव बसवंतचा बाजार असो की नारायणगावचा, टोमॅटोचा भाव २० किलोच्या कॅरेटवर बोलला जातो. म्हणून शेतकरी कंपनी किंवा पॅकहाउस उभं राहतं तेव्हा पाचशे-हजार कॅरेटची खरेदी सुरुवातीलाच येते. कोटेशनमध्ये माप, वजन आणि दर एवढंच लिहिलेलं असतं. एकावर एक कॅरेट नेमकं कशावर टेकतं, याबद्दल त्यात एक शब्द नसतो. माल मात्र तिथेच वाचतो किंवा चिरडतो.

तीन प्रकारांतून निवड करायची आहे. सरळ भिंतीच्या कॅरेटला ढाळ, म्हणजे भिंतीचा आत झुकणारा तिरपेपणा, असतो तो साच्यातून सुटण्यापुरता, साधारण १ अंश. २८० मिमी खोलीत भिंत प्रत्येक बाजूने जेमतेम ५ मिमी आत येते. एकात एक बसणाऱ्या, म्हणजे नेस्टिंग कॅरेटला ५ अंशांच्या आसपास ढाळ द्यावा लागतो आणि तेवढ्याच खोलीत भिंत २४-२५ मिमी आत येते. आतून ५६० × ३६० मिमी तोंड असेल तर याच ढाळामुळे दहा-अकरा टक्के जागा जाते. भरलेलं कॅरेट वर ठेवताना ते उलट दिशेला फिरवायचं, रिकामं असेल तर त्याच दिशेने आत सोडायचं. तिसरं घडीचं: चारही भिंती बिजागरीवर आत पडतात. झाकण जोडलेले डबे औषधं, सुटे भाग आणि दुकानांच्या पुरवठ्यासाठी उत्तम असतात. ओल्या भाजीला हवा लागते, त्यामुळे ते इथे सोडून देऊ.

भरलेल्या थप्पीत कोण टिकतं

आधी वजन मोजू. भरलेलं कॅरेट साधारण २१.७ किलो. आठाची थप्पी लावली तर तळच्या कॅरेटवर सात कॅरेट, म्हणजे १५२ किलो. चार कोपऱ्यांत वाटले तर प्रत्येकी ३८ किलो. पण शेडची फरशी किंवा टेम्पोचा पत्रा सपाट नसला की थप्पी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभी राहते आणि एकेका कोपऱ्यावर ७६ किलो येतात. वाटेतल्या खड्ड्याचा दणका याच्या वर.

हे वजन कोपऱ्यातून सरळ खाली गेलं पाहिजे. कोपरा म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन भिंती, म्हणून तो खांबासारखा उभा राहतो. लांब भिंतीचा मधला भाग तसा उभा राहू शकत नाही. कॅरेट हातात घेतलं की पाहायचं ते हे: वरच्या कॅरेटचा तळ थोडा आत घेतलेला असतो आणि त्याच्याभोवती एक खांदा असतो. तळ खालच्या कॅरेटच्या तोंडात शिरतो, खांदा काठावर टेकतो. कोपऱ्यात हा खांदा रुंद हवा, त्याखाली उभ्या रिब, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, हव्यात आणि कोपऱ्यापासून ५०-६० मिमीपर्यंत हवेचं भोक नको.

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे वरचं कॅरेट खालच्यात उतरणं. त्याचं गणित मिलिमीटरचं आहे. समजा काठावर टेकायला १२ मिमी जागा दिली आहे. त्यातले २ मिमी सैलपणात गेले, दीड मिमी मापातल्या फरकात. भरलेल्या टोमॅटोच्या रेट्याने लांब भिंतीला ४ मिमी पोट आलं, म्हणजे ती मध्यावर बाहेर फुगली. टेकायला उरले साडेचार मिमी. तेच कॅरेट हलक्या दाण्याचं, म्हणजे हलक्या प्रतीच्या कच्च्या प्लास्टिकचं, असेल आणि भिंतीला ८ मिमी पोट आलं, तर उरतो अर्धा मिमी. पहिल्या गतिरोधकावर वरचं कॅरेट आत जातं आणि खालचा माल ठेचतो.

तळ खालच्या तोंडात १० ते १२ मिमी शिरला पाहिजे. ५ मिमीच शिरत असेल तर दणक्याला कॅरेट उडून बाहेर येतं. आजूबाजूचा सैलपणा प्रत्येक बाजूला दीड-दोन मिमी ठीक. त्याहून कमी ठेवला की चिखल अडकून कॅरेट घट्ट बसतं आणि हमाल ते लाथेने सोडवतात. जास्त ठेवला की थप्पी डुलते: आठ कॅरेटांत सात सांधे, दर सांध्याला ५ मिमी म्हणजे वरचं टोक ३५ मिमी बाजूला.

या कसोटीवर सरळ भिंतीचं कॅरेट पहिलं. नेस्टिंगमध्ये भार चारही कोपऱ्यांवर न येता ठरावीक खुंट्यांवर किंवा पायऱ्यांवर येतो, म्हणून तेवढीच थप्पी लावायला भिंत जाड हवी. त्याचा मोठा धोका माणसाच्या हातात आहे. रात्री घाईत कुणी भरलेलं कॅरेट न फिरवता ठेवलं की ते सरळ खालच्या मालात जातं. एक बाजू वेगळ्या रंगाची असलेलंच नेस्टिंग घ्या, म्हणजे थप्पीत रंग आळीपाळीने दिसतात आणि चूक लांबूनही कळते. आडव्या दांड्यांवर टेकणारेही नेस्टिंग कॅरेट मिळतात. त्यांत दांडी पूर्ण खाचेत बसली नाही किंवा वाकली, तर परिणाम तोच.

घडीच्या कॅरेटमध्ये भार भिंतीतून बिजागरीवर आणि कुलपावर जातो. नवं असताना ते नीट तोलतं. कुलपाची जीभ झिजली की भिंत हलू लागते. बिजागरीच्या खाचांत माती आणि फळांचा रस साठतो, त्यामुळे धुवायला वेळ जातो. शेतात थेट तोडणीला ते देऊ नका. पॅकहाउस ते दुकान असा स्वच्छ आणि ठरलेला रस्ता असेल तिथेच ते शोभतं.

रिकामं परत येताना

इथे चित्र उलटं होतं. ३०० मिमी उंचीची दहा सरळ कॅरेट रिकामी असली तरी जवळजवळ ३ मीटर उंची खातात. नेस्टिंगमध्ये प्रत्येक पुढचं कॅरेट ८० मिमी वर येत असेल तर दहांची उंची होते १,०२० मिमी. घडीचं मिटल्यावर ६५ मिमीचं असेल तर दहांचे ६५० मिमी.

समजा परतीच्या गाडीचं भाडं ६,००० रुपये आहे आणि तीत ६०० सरळ कॅरेट मावतात. एका कॅरेटला १० रुपये पडले. नेस्टिंग तिप्पट मावलं तर सव्वातीन-साडेतीन रुपये, घडीचं चौपट मावलं तर अडीच रुपये. नेस्टिंग ६० रुपयांनी महाग असेल तर नऊ फेऱ्यांत पैसे वसूल होतात. घडीचं ३०० रुपयांनी महाग असेल तर चाळीस फेऱ्या लागतात. यात स्वतःचे आकडे घाला. वर्षाला किती फेऱ्या होतात आणि शंभरातली किती कॅरेट परतच येत नाहीत, हे दोन आकडे उत्तर ठरवतात. व्यापाऱ्याकडे कॅरेट अडकून राहत असतील तर महाग कॅरेट घेणं म्हणजे भांडवल दुसऱ्याच्या गाळ्यावर ठेवणं.

शेत ते जवळचा बाजार, त्याच गाडीने त्याच दिवशी परत: सरळ भिंतीचं घ्या, दुसरा विचारही नको. गाडी परतीलाही रिकामीच येणार असेल तर जागेची बचत कुणालाच मिळत नाही. दूरच्या शहरातून कॅरेट वेगळं भाडं भरून परत आणावी लागत असतील तर नेस्टिंग. ठरलेली दुकानं, ठरलेली गाडी आणि प्रत्येक कॅरेटची नोंद असेल तरच घडीचं.

माप: ६०० × ४०० की ५४० × ३६०

५४० × ३६० चं कॅरेट पिकअपच्या हौद्यात चांगलं बसतं. ९ × साडेपाच फुटांच्या हौद्यात सगळी एकाच दिशेने लावली तर एका थरात एकवीस कॅरेट मावतात, ६०० × ४०० ची फक्त सोळा. फोर्कलिफ्टने उचलायच्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळीवर, मात्र उलट. १,२०० × १,००० च्या पॅलेटवर ६०० × ४०० ची पाच कॅरेट काठोकाठ बसतात: दोन आडवी, तीन उभी. ५४० × ३६० चीही पाचच बसतात, पण एका दिशेने १२० आणि दुसऱ्या दिशेने १०० मिमी जागा मोकळी राहते आणि थर सरकतात. पुढे-मागे शीतगृह आणि फोर्कलिफ्ट येणार असेल तर आजच ६०० × ४०० घ्या. पॅलेटवर विटांसारखे सांधे तोडून थर लावायचा मोह टाळा. सांधे तोडले की कोपऱ्यावर कोपरा राहत नाही आणि भार भिंतीच्या मध्यावर येतो.

दाणा आणि त्याचं आकसणं

टोमॅटोच्या कॅरेटला एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिन) योग्य. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) थोडं ताठ असतं, पण साधं पीपी शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं. द्राक्षाच्या शीतगृहात तेच कॅरेट वापरणार असाल तर कोपरे तडकतील. उन्हात राहणाऱ्या कॅरेटमध्ये यूव्ही स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हापासून प्लास्टिक जपणारा घटक, हवाच. तो नसला की रंग पांढरट पडतो आणि काठ चुरतो.

एक गोष्ट बहुतेक खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. एचडीपीई साच्यात थंड होताना साधारण २ टक्के आकसतं, म्हणजे ६०० मिमीला १२ मिमी. एका लॉटमध्ये हे आकसणं १.७ टक्के आणि दुसऱ्यात २.३ टक्के झालं, तर एकाच साच्यातून निघालेल्या दोन कॅरेटांत साडेतीन मिमी फरक पडतो. दाणा बदलला किंवा कॅरेट लवकर बाहेर काढलं की असं होतं. हा फरक दोन बाजूंत वाटला तरी वर दिलेला दीड-दोन मिमी सैलपणा जवळजवळ सगळा त्यातच जातो. शीतगृहातून आलेलं कॅरेट उन्हात तापलेल्यावर ठेवलं तरी ३५ अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिमी तफावत येते. म्हणून गार आणि तापलेली कॅरेट एका थप्पीत मिसळू नका.

पैसे देण्याआधी

वेगवेगळ्या लॉटमधली दहा कॅरेट मागवा. तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा. ३ मिमीहून जास्त फरक असेल तर कॅरेट पिळलेलं आहे. प्रत्येकाचं वजन करा. काठाचा छोटा तुकडा कापून, त्याला चिकटलेली हवा पुसून, पाण्यात टाका. एचडीपीई तरंगतं, तुकडा बुडाला तर दाण्यात मिसळलेली खडूची भुकटी सात-आठ टक्क्यांच्या वर आहे. मग २० किलो वाळूच्या पिशव्या भरून आठाची थप्पी दुपारी तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ४८ तास ठेवा. भाराखाली प्लास्टिक हळूहळू वाकत जातं, त्यामुळे तासाभराच्या चाचणीत काही कळत नाही. तळच्या कॅरेटच्या लांब भिंतीला दोरा ताणून मध्यावर पोट मोजा. ५ मिमीच्या आत असेल तर घ्या.

ऑर्डरमध्ये या गोष्टी लिहून घ्या: एका कॅरेटचं वजन आणि त्यातला चालणारा फरक, नवा दाणा की मिश्र, तळ किती मिमी आत शिरतो, प्रत्येक बाजूचा सैलपणा, आणि पुढच्या वर्षीचा लॉट याच वर्षीच्या कॅरेटवर बसला पाहिजे ही अट. या अटीसाठी पहिल्या लॉटमधली दोन कॅरेट न वापरता सावलीत ठेवून द्या. नवा माल आला की आधी त्यांच्यावर बसवून पाहा, मग गाडी खाली करा.