यूव्ही डाय आणि टॉर्च: जुन्या सिटी व्हीटेकची ऑईल गळती शोधताना आलेला अनुभव

इंजिन ऑईलमध्ये टाकायचा यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग), तो चमकवणारी जांभळट उजेडाची टॉर्च आणि पिवळा चष्मा असा संच मी होळीनंतर मागवला होता. आता कापूस वेचणीला आलाय आणि गाडी पावसाळाभर शेडमध्ये राहून परत रस्त्यावर आलीय, म्हणून आता लिहितोय. घाईत असाल तर एवढंच वाचा: ऑईल गळतंय म्हणून कोणी गिअरबॉक्स उतरवायला सांगत असेल, तर होकार देण्याआधी एकदा हा डाय टाकून बघा.

गाडी म्हणजे पहिल्या पिढीतली होंडा सिटी, 1.5 व्हीटेक. व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला इंजिनाचे वॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. सिटी भारतात 1998 साली आली. तिचं हे व्हीटेक इंजिन 1493 सीसीचं, ताकद 106 बीएचपी. दिसायला साधी सेडान, पण वरच्या आरपीएमला ती जशी सुटते ते ज्यानं एकदा अनुभवलं, तो तिला स्पोर्ट्स कारच म्हणतो. वडिलांनी हौसेनं घेतली होती आणि मी तेवढ्याच हौसेनं सांभाळतो.

थंडीच्या देशांत लोक अशा गाड्या हिवाळाभर झाकून ठेवतात. आमच्या हिंगणघाट तालुक्यात ती वेळ मृगाला येते. घरापासून डांबरीपर्यंत पांदण रस्ता आहे. काळी माती भिजली की तिथून बंडी निघणं मुश्कील, सिटीचं तर नावच नको. त्यामुळे पाऊस लागला की गाडी टिनाच्या शेडात, कुटाराच्या ढिगापासून लांब, थेट दसऱ्यापर्यंत. आणि गळकं इंजिन चार महिने तसंच उभं करणं मला पटत नाही. जुन्या ऑईलमध्ये पाण्याचा अंश आणि आम्ल साचलेलं असतं, म्हणून गाडी उभी करण्याआधी ते बदलावंच लागतं. मग नवं ऑईल भरून ते खाली फरशीवर का सांडू द्यायचं?

गळती होती गिअरबॉक्सच्या बाजूला. बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) खालच्या कडेला थेंब लोंबकळायचा, रात्रभरात पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग पडायचा. मिस्त्रींनी खालून बघितलं आणि म्हणाले, "क्रँकचं मागचं सील गेलं भाऊ, गिअरबॉक्स खाली घ्या लागते." हे सील क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, थेंब तिथलाच वाटत होता. पण ऑईल जिथून निघतं तिथं ते दिसेलच असं नाही. ते खाली ओघळतं, गाडी चालताना वाऱ्यानं मागं सरकतं आणि सगळ्यात खालच्या कडेवर जमा होतं. त्यात उन्हाळ्यातली आपल्याकडची धूळ. सगळं इंजिन काळ्या चिखलानं लिंपलेलं, कुठून सुरू झालं ते डोळ्यांना कळणार कसं?

म्हणून डायच्या आधी इंजिन धुणं आलंच, ते टाळू नका. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) आणि अल्टरनेटरला प्लास्टिक बांधलं, ब्रशनं डिझेल लावून चिखल सोडवला, पाण्याचा हलका फवारा मारला आणि दिवसभर उन्हात वाळू दिलं. मग डाय टाकला. माझ्या बाटलीवर साधारण चार लिटर ऑईलला 30 मिलिलिटर असं प्रमाण होतं. इंजिनासाठी तेलात मिसळणाराच डाय घ्यायचा, कूलंटचा वेगळा येतो. आणि तो जुन्या ऑईलमध्येच टाका. शोध आणि दुरुस्ती उरकली की ते ऑईल काढायचंच असतं, नव्या ऑईलमध्ये डाय घालायची गरज नाही.

पहिल्यांदा घरीच अर्धा तास इंजिन चालू ठेवून बघितलं, तर काहीच दिसलं नाही. मग जाम चौरस्त्यापर्यंत महामार्गानं जाऊन आलो, गाडी मोकळी पळवली. अंधार पडल्यावर शेडातला बल्ब बंद करून चष्मा लावला आणि टॉर्च मारली. पोपटी उजेडाची एक बारीक रेघ सरळ खाली उतरलेली दिसली. खालून वर बघत गेलो. बेल हाऊसिंगची कड, त्यावर गिअरबॉक्सचा माथा, त्यावर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं टोक, आणि तिथे डिस्ट्रिब्युटरच्या शेजारी बसवलेल्या व्हीटेक सोलेनॉइडचा (व्हीटेककडे ऑईल सोडणारा विजेवरचा वॉल्व्ह) जोड. त्या जोडाच्या खालच्या कोपऱ्यात गव्हाच्या दाण्याएवढा चकाकणारा थेंब होता. त्याच्या वर हेड कोरडं होतं. बेल हाऊसिंगच्या खालची पत्र्याची झाकणपट्टी काढून आत टॉर्च मारली, तर आतही कोरडं. मागचं सील गेलेलं असतं तर आत सगळं चमकलं असतं.

एकाच टॉर्चनं दोन प्रश्न सुटले ते असे. डाय फक्त इंजिनात होता. खालचा थेंब चमकला म्हणजे तो इंजिनाचाच, गिअरबॉक्सच्या सीलचा नाही. आणि चमक वरून सुरू होऊन आत गेली नव्हती, म्हणजे क्रँकचं सीलही शाबूत. उभ्या गाडीत गळती दिसत नव्हती त्यालाही कारण आहे. त्या सोलेनॉइडमागे इंजिन ऑईलचा दाब असतो आणि वरच्या आरपीएमला तोच दाब रॉकरमधल्या पिना सरकवून व्हीटेक लावतो. आयडलवर दाब कमी, गाडी पळवली की जास्त. कडक झालेलं पॅकिंग आयडलला टिकून राहतं आणि महामार्गावर झिरपायला लागतं. म्हणून डाय टाकून नुसतं अंगणात इंजिन फिरवू नका, गाडी तिच्या नेहमीच्या वेगानं चालवून आणा.

मिस्त्रींना रात्री बोलावून ती रेघ दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे त वरतूनच येऊन राह्यलं." दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून काम केलं. सोलेनॉइडचं पॅकिंग नागपूरहून मागवलं. त्यातच जाळी बसवलेली असते, जुन्या जाळीत काळा गाळ अडकला होता. शेजारचा डिस्ट्रिब्युटर काढावाच लागणार होता, म्हणून त्याची ओ-रिंगही बदलली. जुनी रिंग हातात घेऊन वाकवली तर तुटली. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बुडाला आणि हेडला रंगाची एक खूण करून घ्या, म्हणजे परत बसवताना टायमिंग हलत नाही. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या पॅकिंगलाही कडेकडेनं हलकी चमक होती, तेही बदललं आणि सोबत स्पार्क प्लगच्या विहिरींची सीलंही. कव्हरचे नट मात्र हातातल्या जोरावर आवळू नका, तिथे फक्त 10 न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. जास्त आवळलं की पॅकिंग चेपतं आणि गळती वाढते.

आणखी एक गोष्ट डाय दाखवत नाही, ती तुम्हालाच बघावी लागते: पीसीव्ही वॉल्व्ह. तो चोंदला की इंजिनातला वायू बाहेर पडत नाही, आत दाब वाढतो आणि नवं पॅकिंगसुद्धा पाझरायला लागतं. इंजिन आयडलवर ठेवून वॉल्व्हची नळी बोटांनी हलकी दाबायची, टिक असा आवाज आला पाहिजे. माझ्याकडे आला नाही, वॉल्व्ह बदलला. तो स्वस्त भाग आहे, पण याच्याशिवाय बाकीचं काम टिकलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

आता संचाबद्दल. डाय उत्तम आहे. ऑईलच्या वागण्यात किंवा इंजिनाच्या आवाजात मला काही फरक जाणवला नाही. चष्मा हलका आहे, दांडी लवकर सैल होते, पण त्याच्याशिवाय चमक अर्धीच दिसते, म्हणून टाकून देऊ नका. टॉर्च मात्र बेताची आहे. झोत अरुंद, सेल लवकर उतरतात, आणि दिवसा किंवा संध्याकाळच्या उजेडात तिचा काहीच उपयोग नाही. काळोख पाहिजे.

चमकणारी प्रत्येक गोष्ट ऑईल नसते, हेही लक्षात ठेवा. वॉशिंग पावडरनं धुतलेलं फडकं निळं चमकतं, काही कूलंट हिरवं दिसतं. डाय एकदा सांडला की खाचेत बसून राहतो आणि पुढच्या तपासणीत फसवतो, म्हणून दुरुस्तीनंतर ती जागा परत धुवून घ्या. आणि शेडात गाडीखाली शिरण्याआधी तीच टॉर्च जमिनीवर आणि भिंतीच्या कडेला फिरवा. विंचू या उजेडात हिरवट-निळा चमकतो. मला एक पुठ्ठ्याच्या कडेलाच दिसला, पाठीपासून हातभर अंतरावर. साध्या टॉर्चमध्ये तो मातीच्या रंगात मिसळून गेला असता. आता शेडात जाताना घरचे सगळेच ती टॉर्च नेतात.

मृगाआधी ऑईल आणि फिल्टर बदलले, ड्रेन नटाला नवं वायसर टाकलं, बॅटरी सोडवली, उंदरांसाठी एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी लावली आणि खाली कोरा पुठ्ठा ठेवला. दसऱ्याला कव्हर काढलं तेव्हा गिअरबॉक्सच्या बाजूचा पुठ्ठा कोरा होता. डिपस्टिकवर ऑईल जिथं सोडलं होतं तिथंच. त्यानंतर सोयाबीनच्या पैशांसाठी, लग्नकार्यासाठी नागपूरला बऱ्याच फेऱ्या झाल्या. सोलेनॉइडचा जोड अजून सुका आहे.

दुसऱ्या टोकाला मात्र, टायमिंग पट्ट्याच्या कव्हरच्या खालच्या फटीत, जुन्या डायची पुसट चमक परवा दिसली. तिथं क्रँकचं पुढचं सील आहे आणि ते पट्टा काढल्याशिवाय हाती लागत नाही. ऑईल लागलेला पट्टा खराब होतो, म्हणून तो विषय लांबवणार नाही. पट्टा, पुढची सीलं आणि वॉटर पंप एकत्रच मागवले आहेत. तूर निघाली की गाडी मिस्त्रींकडे जाईल.