मूळ ब्लॉक की नंबर पुन्हा ठोकलेला? १९६९ च्या शेव्हरोले कॅमारोचं ३५० (घन इंच) इंजिन

ब्लॉक (इंजिनचा मुख्य ओतीव सांगाडा) गाडीचा मूळ असो, की नंतर नंबर ठोकून मूळ म्हणून खपवलेला, दोन्हींवर कास्टिंग नंबर (ओततानाच उमटलेला) ३९७००१० असू शकतो. तो पुढेही बरीच वर्षं चालला, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

खरी परीक्षा उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढ्यातल्या, इंजिन नंबर ठोकलेल्या सपाट पट्टीवर. ती रॉकेलने पुसा, वायर ब्रश नको. मूळ ब्लॉकवर अंकांभोवती पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात. पुन्हा ठोकलेल्यावर पट्टी गुळगुळीत, नाहीतर पॉलिश पेपरचे वेडेवाकडे ओरखडे. अर्थात, मशीन शॉपमध्ये डेक (ब्लॉकचा हेड बसतो तो पृष्ठभाग) घासला की अस्सल ब्लॉकच्याही रेघा जातात, आणि खोट्या रेघा ओढणारे महाभागही आहेत.

म्हणून तारखा जुळवा. ब्लॉकच्या मागच्या फ्लँजवर (कडेवर) ओतकामाची तारीख असते: ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च, साल ९ ने संपणारं. आधी ओतकाम, मग इंजिनची जोडणी, मग गाडी. हा क्रम उलटला तर सौदा सोडा.