व्हिएन्नातल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयाचं वार्षिक कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

वर्षभरात तीनदा जाणं होणार असेल तर कार्ड घ्याच, तिसऱ्या फेरीला पैसे वसूल. एकदाच जायचं असेल तर साधं तिकीट बरं. 19 वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, मुलांसाठी काढू नका. कार्ड नावावर असतं, ओळखपत्र जवळ ठेवा.

मुख्य इमारतीशिवाय वेल्टम्युझियम (जगभरच्या संस्कृतींचं संग्रहालय) आणि हॉफबुर्ग राजवाड्यातली शात्सकामर (शाही जडजवाहीर) यात येतात. आल्बर्टीना, लेओपोल्ड, बेल्व्हेदेअर ही शहरातली इतर कलासंग्रहालयं नाहीत; म्हणजे चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन' बघायला बेल्व्हेदेअरचं वेगळं तिकीट, तेही वेळ ठरवून. वारांचा घोळ मात्र लक्षात ठेवा: मुख्य संग्रहालय सोमवारी बंद (उन्हाळ्यातले महिने सोडून), शात्सकामर मंगळवारी. मुख्य संग्रहालय गुरुवारी रात्री 9 पर्यंत उघडं, पण शेवटचा प्रवेश अर्धा तास आधी.

कार्डाचा खरा फायदा म्हणजे एका खेपेला एकच दालन बघितलं तरी चालतं. सुरुवात सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रॉयगल याच्या दालन 10 पासून करा. त्याची जगातली सर्वांत जास्त चित्रं इथेच आहेत. 'बर्फातले शिकारी' (1565) समोर पंधरा मिनिटं काढा. एवढी कुत्री सोबत असून शिकार म्हणजे एक कोल्हा! डावीकडे खाणावळीची पाटी एकाच हुकावर लोंबकळतेय. मोसमांच्या चित्रमालेतली जी पाच चित्रं उरली, त्यांतली तीन याच दालनात आहेत. शेजारच्या 'बाबेलच्या मनोऱ्या'त (1563) दगड उचलायची यारी शोधा; तिचं चाक आत चालणारी माणसं फिरवतात.

मोठ्या दालनांना उजेड छतातून येतो. त्यामुळे हिवाळ्यात गुरुवारची संध्याकाळ गर्दी टाळायला उत्तम, काळपट चित्रांना वाईट. ती सकाळी 10 ला, दार उघडताच बघावीत. चकाकी आडवी आली तर दोन पावलं बाजूला सरका.

छोटी दुर्बीण न्या. जिन्यावरच्या खांबांमधली क्लिम्टची चित्रं इतकी उंचावर आहेत की नुसत्या डोळ्यांनी नक्षी कळत नाही. पाठीवरची सॅक, छत्री आत नेता येत नाही, त्यामुळे दुर्बीण खिशात मावणारीच हवी. फ्लॅश आणि ट्रायपॉड नसेल तर फोटो काढू देतात.

घुमटाखालचा कॅफे देखणा आहे, पण दुपारी रांग असते. तेव्हा खालच्या कुन्स्टकामरमध्ये (मौल्यवान कलावस्तूंचा विभाग) शिल्पकार-सोनार चेल्लिनीचं सोन्याचं मीठपात्र बघून घ्या. 2003 मध्ये चोरीला गेलं, 2006 मध्ये जंगलात पुरलेलं सापडलं. काचेभोवती चारही बाजूंनी फिरता येतं.