पत्रिका वाचून बसलेली खलनायिका

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात. स्वारगेट ते कात्रज एवढ्या पीएमपी बसच्या प्रवासात मला त्याची सवय झाली, पण शेजारच्या काकूंनी पुस्तक उलटे धरले आहे का, असे विचारलेच. हातात 'माय नेक्स्ट लाइफ ॲज अ व्हिलनेस'चा पहिला खंड होता. सातोरु यामागुची यांच्या कादंबरीवरून ही मालिका नामी हिदाका यांनी रेखाटली असून जपानी मासिकात ती २०१७ पासून येऊ लागली. मूळ कादंबरीतील चित्रेही हिदाका यांचीच असल्यामुळे पात्रांवर त्यांचा हात बसलेला आहे, हे पहिल्या पानापासून जाणवते.

उमरावाची लाडावलेली कन्या कॅटरिना आठव्या वर्षी पडते, डोके आपटते आणि तिला गतजन्म आठवतो. त्या जन्मी ती जपानमधली शाळकरी मुलगी होती आणि रात्र जागून 'फॉर्च्यून लव्हर' नावाचा ओटोमे गेम, म्हणजे नायिका होऊन एकेका देखण्या तरुणाचे मन जिंकण्याचा गेम, खेळत असे. आता आपण त्याच गेममध्ये आहोत आणि तेही खलनायिका म्हणून, हे तिच्या ध्यानात येते. नायिकेचे जमले तर हिला हद्दपारी, फिसकटले तर मरण.

आपल्याकडे पत्रिकेत मृत्युयोग निघाला की घरचे जसे ग्रहशांत, जप आणि खडा यांच्या मागे लागतात, तशीच कॅटरिना उपायांना लागते. ती तलवार शिकते, आपली मातीची जादू वाढावी म्हणून बंगल्याच्या बागेत भाजीपाला लावते आणि तिच्याशी लग्न ठरलेला राजपुत्र जॉर्डो सापाला भितो हे कळताच त्याच्या अंगावर फेकायला खोटे साप तयार करते. सर्वांत बहारीचा प्रसंग दत्तक भाऊ कीथचा आहे. आपल्या जादूमुळे बहिणीला इजा झाली म्हणून तो स्वतःला खोलीत कोंडून घेतो. एकाकीपणामुळेच गेममधला कीथ पुढे छचोर निघतो हे ठाऊक असलेली बहीण सरळ कुऱ्हाडीने दार फोडते.

खरी गंमत त्यापुढे आहे. उपाय केव्हाच लागू पडलेले असतात, जो तो तिच्यावर जीव टाकू लागलेला असतो, आणि हे फक्त तिलाच दिसत नाही, कारण तिची नजर माणसांवर नसून गेमवर आहे. खरे प्रेम भेटले की सांग, मी बाजूला होईन, असे ती जॉर्डोला मनापासून सांगते तेव्हा त्याची दया येते. सगळे आधीच ठाऊक असण्यातून आलेला हा आंधळेपणा हिदाका यांनी नुसत्या चेहऱ्यांतून रंगवला आहे. मागची दृश्ये मात्र बऱ्याचदा कोरी सोडली आहेत.

गेममधल्या देखण्या तरुणांपैकी निकोल हे पात्र मला अखेरपर्यंत फिकेच वाटले, आणि सगळेच कॅटरिनाच्या प्रेमात पडणार हे एकदा कळल्यावर पुढची जादूच्या शाळेतली प्रकरणे एकसुरी होतात. गेमचे कथानक संपल्यानंतर तर मृत्युयोगच टळलेला असतो, त्यामुळे कथेतली धाकधूक जाते. माझ्या मते सुरुवातीचे खंड विकत घ्यावेत आणि गेम संपल्यानंतरचे कुणाकडून उसने मिळाले तर वाचावेत. माझा पहिला खंड सध्या कोथरूडला भाचीकडे आहे आणि तो परत येण्याची चिन्हे नाहीत.